कुणाला मत दिलं हे सिद्धच करता येऊ नये

मतदानाची पद्धत कुठली चांगली यावर वाद सुरू झाला की तेच तेच मुद्दे येतात. सगळ्यात जास्त मतं मिळाली तो जिंकला हे अन्यायाचं आहे, तीस-पस्तीस टक्क्यांत माणूस निवडून येतो, मग उमेदवारांना एक, दोन, तीन असा पसंतीक्रम लावू द्या, किंवा जेवढे उमेदवार चालतील तेवढ्यांसमोर टिक करू द्या, किंवा घरबसल्या मोबाइलवरून मत देऊ द्या म्हणजे टक्का वाढेल, आणि मशीन नको कागद हवा की कागद नको मशीन हवं. हे सगळं महत्त्वाचं आहेच. पण या पद्धतीत माझं मत कुणाला गेलं हे तिसऱ्या माणसाला कळू शकतं का, हा प्रश्न सगळ्यात शेवटी कुणाला तरी आठवतो आणि "मतदान गुप्तच असतं की" एवढ्या एका वाक्यात तो निकालात निघतो. माझं म्हणणं आहे की हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा, आणि तोही जरा वेगळ्या तऱ्हेने. मत गुप्त ठेवता येतं का, एवढंच विचारून भागत नाही. मतदाराने स्वतःहून ठरवलं तरीसुद्धा त्याला आपलं मत पुराव्यानिशी दाखवता येऊ नये, इतकी कडक गुप्तता लागते. गुप्ततेची नुसती सोय पुरत नाही, तिची सक्ती लागते.

सक्ती म्हटलं की लोकांना ते टोचतं. माझं मत आहे, दाखवायचं की लपवायचं ते मी ठरवेन, मला कुणाची भीती आहे? हे बोलणाऱ्याला बहुतेक वेळा खरंच कुणाची भीती नसते, आणि ते चांगलंच आहे. पण ज्याची नोकरी, राहतं घर, कर्जाचा हप्ता किंवा नुसतं गावातलं रोजचं जगणं दुसऱ्या कुणाच्या मर्जीवर आहे त्याचं बघा. त्याला मत दाखवता येत असेल तर समोरचा म्हणणारच, दाखव. आणि तो "नाही दाखवत" म्हणाला तर त्याने काय केलंय ते समोरच्याला तिथेच कळलं. म्हणजे बाकीच्यांना दाखवायची मोकळीक दिली की याची न दाखवायची मोकळीक आपोआप जाते. मला माझं मत दाखवण्याचा हक्क सोडावा लागतो तो या माणसासाठी, आणि मला तो सौदा शंभर टक्के मान्य आहे.

सोव्हिएत रशियाचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. १९३६ च्या त्यांच्या राज्यघटनेत गुप्त मतदान अगदी स्पष्ट लिहिलेलं होतं आणि केंद्रात पडद्याआडची जागाही असायची. पण चिठ्ठीवर उमेदवार एकच. त्याला मत द्यायचं तर चिठ्ठीवर काहीही करायचं नाही, घ्यायची आणि सरळ पेटीत टाकायची. विरोध करायचा असेल तर नाव खोडायचं, त्यासाठी पेन्सिल हवी आणि आडोसा हवा. मग पडद्याकडे वळणारा माणूस कोण आहे हे सगळ्या खोलीला दिसायचं. पूर्व जर्मनीतही साधारण असंच चालायचं. गुप्ततेची सोय होती, पण ती वापरणं हाच पुरावा होता. म्हणून आडोशात जाणं हे प्रत्येकाला बंधनकारक हवं, ज्याला काही लपवायचं नाही त्यालाही. फ्रान्सने १९१३ मध्ये कायदा करून मतदाराला आडोसा आणि पाकीट दोन्ही दिले. स्वीडनमध्ये तर अगदी अलीकडेपर्यंत वेगवेगळ्या पक्षांच्या चिठ्ठ्या सगळ्यांदेखत मांडलेल्या असायच्या आणि ज्याला कळू द्यायचं नाही तो चार-पाच पक्षांच्या चिठ्ठ्या उचलून आत जायचा, तिथे २०१९ पासून ती जागा झाकली गेली. एवढ्या जुन्या लोकशाहीलासुद्धा ही गोष्ट करायला एवढा वेळ लागला.

मुळात आज आपण जी गुप्तता गृहीत धरतो ती फार जुनी नाहीये. १८५६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया, साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी सरकारने छापलेली, सगळ्यांची नावं असलेली एकसारखी मतपत्रिका आणली. त्याआधी इंग्लंडमध्ये मतदार मंचावर जाऊन मोठ्याने नाव सांगायचा, कारकून लिहून घ्यायचा, आणि बऱ्याच ठिकाणी त्याची चक्क पुस्तकं छापून विकली जायची, अमुक नावाचा माणूस, धंदा हा, मत याला. ज्या जमीनदाराची जमीन कसतोय त्याच्याकडे ते पुस्तक असणारच. हे १८७२ च्या कायद्याने थांबलं. अमेरिकेत पक्ष आपापली तिकिटं छापायचे, ती रंगाने आणि आकाराने लांबून ओळखू यायची, तिथे १८८८ पासून हळूहळू सरकारी मतपत्रिका आली. चिलीमध्ये हे व्हायला १९५८ उजाडलं, तोवर मोठ्या जमीनदारांच्या शेतांवर राहणारी कुळं मालकाने हातात दिलेली चिठ्ठी पेटीत टाकायची. एकच सरकारी मतपत्रिका आली आणि अशी कुळं जिथे जास्त होती तिथे उजव्या पक्षांची मतं घसरली. त्या शेतांवरचे लोक रातोरात बदलले नव्हते, मालकाला आता बघता येत नव्हतं एवढंच बदललं होतं.

एकोणिसाव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलसारखा स्वातंत्र्याचा एवढा मोठा कैवारी उघड मतदानाच्या बाजूने होता हे वाचून पहिल्यांदा धक्का बसतो. त्याचं म्हणणं असं की मत ही खासगी मालमत्ता नसून समाजाने सोपवलेली जबाबदारी आहे, तेव्हा ती समाजासमोर पार पाडली पाहिजे, नाहीतर माणूस स्वतःचा स्वार्थ बघून मत देईल. यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण हा युक्तिवाद निवडून आलेल्या माणसाला लागू होतो. आमदार-खासदार सभागृहात मत देतात ते आपल्या वतीने, तेव्हा त्यांनी कुठलं बटण दाबलं हे आपल्याला कळायलाच हवं. मतदार कुणाच्या वतीने मत देत नाही, त्याला जाब विचारणारं वर कुणी असायलाच नको. (राज्यसभेच्या निवडणुकीत आमदारांना पक्षाच्या एजंटला मतपत्रिका दाखवावी लागते, २००३ ची दुरुस्ती आहे, २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती मान्य केली. तिथे मतदार आहे पण तो प्रतिनिधीही आहे, त्यामुळे तो वाद वेगळा, इथे त्यात शिरत नाही.)

उघड मतदान चांगल्या हेतूने ठेवलं तरी काय होतं हे केनियात १९८८ मध्ये दिसलं. सत्ताधारी पक्षाच्या उमेदवार निवडीसाठी लोकांना चक्क उमेदवाराच्या माणसामागे रांगेत उभं केलं गेलं, ज्याची रांग लांब तो पुढे. समर्थन करणारे म्हणायचे की यात लपवाछपवी नाही, सगळं डोळ्यांसमोर. पण मोजणाऱ्याने छोट्या रांगेलाच लांब ठरवलं तर पुन्हा मोजायला कागदही शिल्लक नाही आणि कोण कुठे उभं होतं हे मात्र सगळ्या गावाला पाठ. उघड मतदानाने घोटाळा थांबतो हा समज तिथे पार खोटा ठरला. स्वित्झर्लंडमध्ये ग्लारुस आणि अपेनझेल इनररोडेन या दोन कँटनांत (म्हणजे तिथल्या राज्यांत) आजही चौकात जमून हात वर करून मतदान होतं, आणि नागरी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता देताना स्वित्झर्लंडने गुप्त मतदानाच्या कलमाला तेवढ्यापुरता अपवाद लिहून घेतला. लोक त्याचं फार कौतुक करतात, दिसायला ते सुंदरच आहे. पण त्याच अपेनझेलच्या चौकात एप्रिल १९९० मध्ये पुरुषांनी हात वर करून बायकांना मताधिकार नाकारला होता आणि शेवटी कोर्टाला तो द्यावा लागला. त्या गर्दीत एखाद्याला बायकांच्या बाजूने हात वर करावासा वाटला असेल तर त्याला तो आजूबाजूच्या सगळ्या ओळखीच्या पुरुषांदेखत करावा लागत होता, हे विसरता येत नाही.

गुप्तता आणताना एक गोष्ट मात्र अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत फार वाईट झाली. नुसती छापील नावं असलेली मतपत्रिका म्हणजे वाचता न येणाऱ्याला मताधिकारच नाही, आणि तिथल्या काही राज्यांनी ती नेमकी तशीच वापरली, काळ्या मतदारांना बाहेर ठेवायला. मदतनीस घेतला तर गुप्तता गेली आणि नाही घेतला तर मत गेलं. म्हणून गुप्ततेबरोबर ज्याला वाचता येत नाही त्याचीही सोय लागते. भारताने पहिल्या निवडणुकीत, १९५१-५२ मध्ये, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली, पेटीवर चिन्ह, आणि मतदाराने पडद्याआड जाऊन कोरी चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी हे फार चांगलं होतं, पण चिठ्ठी पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर आणता येत होती आणि बाहेर ती कुणाच्या हातात पडेल याचा नेम नव्हता. पुढे खूण करायची मतपत्रिका आली.

गांबियाने यावर काढलेला उपाय मला मनापासून आवडतो. तिथे साठच्या दशकापासून गोट्यांनी मतदान होतं. आडोशाच्या आत प्रत्येक उमेदवाराचं एक पत्र्याचं पिंप, त्यावर पक्षाचा रंग आणि फोटो, वरून एक नळी. मतदाराला एक गोटी मिळते, ती हव्या त्या पिंपाच्या नळीत सोडायची. आत एक घंटी बसवलेली असते, गोटी तिच्यावर आपटली की टिंग असा आवाज येतो, आणि तळाला वाळू किंवा भुसा असतो म्हणजे नंतर गोटी गडगडल्याचा दुसरा आवाज येत नाही. बाहेर बसलेल्या अधिकाऱ्याला एकदा टिंग ऐकू आलं म्हणजे मत पडलं. दोनदा आलं तर काहीतरी गडबड आहे, आलंच नाही तर गोटी खिशात गेली. आता बघा, यात मतदाराचं अक्षर नाही, शाईचा डाग नाही, खूण कुठे केली हा प्रश्न नाही, एक गोटी दुसऱ्या गोटीसारखीच. मत पडलं हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं आणि कुणाला पडलं हे कुणालाच नाही, नंतर स्वतः मतदारालाही आपली गोटी ओळखून दाखवता येणार नाही. कुठल्याही नव्या पद्धतीला मी याच मापाने मोजतो.

आता पसंतीक्रमाकडे येऊ, कारण सुधारणेची चर्चा झाली की हाच पर्याय सगळ्यात पुढे असतो आणि मलाही तो तत्त्व म्हणून पटतो. अडचण अशी की मतपत्रिकेवर जेवढं जास्त सांगता येतं तेवढी ती मतपत्रिका बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसू लागते. इटलीत हे प्रत्यक्ष झालं. तिथे पक्षाच्या यादीला मत देऊन शिवाय त्या यादीतले तीन किंवा चार उमेदवार, नाव किंवा नंबर लिहून, निवडता यायचे. समजा यादीत वीस जण आहेत आणि मतं गोळा करणाऱ्याचा माणूस सात नंबरवर आहे. तो एका घरात सांगणार, सात लिहा आणि सोबत तीन, बारा, एकोणीस लिहा. पलीकडच्या घरात सांगणार, सात आणि सोबत पाच, नऊ, चौदा. सात नंबर कायम ठेवून बाकीचे तीन निवडायचे ९६९ प्रकार होतात, नंबर लिहायचा क्रमही ठरवून दिला तर २३,२५६. एका केंद्रावर मतदार काहीशे. मग मोजणीच्या वेळी मतपत्रिका मोठ्याने वाचतात तेव्हा याचा माणूस हातात यादी घेऊन बसलेला, तीन-सात-बारा-एकोणीस ऐकू आलं की एका घरासमोर टिक, ऐकू नाही आलं तर त्या घराला जाब. पडदा होता, पेटी होती, मतपत्रिकेवर नाव नव्हतं, तरी मत कुणाचं ते कळत होतं. १९९१ मध्ये इटलीत सार्वमत झालं आणि लोकांनी प्रचंड बहुमताने पसंत्या एकावर आणल्या, त्यामागे हे मोठं कारण होतं.

पसंतीक्रमात हा धोका याहून मोठा. दहा उमेदवार असतील आणि सगळ्यांना क्रम द्यायचा असेल तर पहिला नंबर "आमच्या" माणसाला ठेवूनही बाकी नऊ जणांचा क्रम ३,६२,८८० तऱ्हांनी लावता येतो, म्हणजे अख्ख्या मतदारसंघातल्या जवळजवळ प्रत्येकाला वेगळी खूण वाटून देता येईल. नुसती टिक करायची पद्धत असेल, चालतील तेवढ्यांसमोर, तर ५१२ तऱ्हा. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण द्यायचे तर बाकी नऊ जणांचे गुण एक कोटीहून जास्त तऱ्हांनी देता येतात. आणि आपली नेहमीची एकच बटण दाबायची पद्धत, जिला आपण एवढ्या शिव्या देतो, तिच्यात "आमच्या" माणसाला मत द्यायची तऱ्हा फक्त एक. या एका बाबतीत ती सगळ्यांच्या पुढे आहे हे सुधारणा मागणाऱ्यांनी मान्य करायला हवं.

याचा अर्थ पसंतीक्रम नको असा मी काढत नाही. किती क्रम लावायचे यावर मर्यादा घाला. श्रीलंकेत राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत तीनच पसंत्या देता येतात, दहा उमेदवारांत पहिला ठरलेला असेल तर उरलेल्या दोन पसंत्यांच्या ७२ तऱ्हा होतात, आणि हजार मतदारांच्या केंद्रात ७२ खुणांनी माणूस नक्की ओळखता येत नाही. दुसरं म्हणजे प्रत्येक मतपत्रिका जशीच्या तशी जाहीर करण्याचा मोह टाळा. आयर्लंडने २००२ मध्ये तीन मतदारसंघांत मशीनवर मतदान घेतलं आणि सगळ्या मतपत्रिकांचे पूर्ण क्रम प्रसिद्ध केले. ऑस्ट्रेलियात सेनेटच्या मतपत्रिकांचे क्रम केंद्र आणि गठ्ठ्याच्या नंबरासकट वेबसाइटवर टाकतात. अभ्यासकांना तो डेटा म्हणजे खजिना आहे आणि पारदर्शकता म्हणून त्याचं समर्थनही होतं. पण शंभराहून जास्त उमेदवारांची मतपत्रिका आणि केंद्राचं नाव शेजारी शेजारी छापणं म्हणजे ज्याला तपासायचंय त्याला घरबसल्या तपासायची सोय करून देणं आहे. पसंतीक्रमाच्या मोजणीत मागे पडलेला बाद होऊन त्याची मतं पुढच्या पसंतीकडे सरकतात, त्याच्या फेरीवार बेरजा द्या, किती मतं कुणाकडे सरकली ते द्या, केंद्राचं नाव काढून टाका.

मशीनबद्दल आपल्याकडे सगळी भांडणं मत बदललं का यावर होतात, मत फुटलं का हे फार कमी लोक विचारतात. नेदरलँड्समध्ये २००६ मध्ये काही कार्यकर्त्यांनी तिथली मतदान यंत्रं मिळवून तपासली. यंत्राचा छोटा स्क्रीन चालू असताना त्यातून बारीक रेडिओ लहरी बाहेर पडायच्या. तिथल्या ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाच्या पूर्ण नावात एका ई अक्षरावर तिरकी मात्रा आहे. ते अक्षर दाखवायला स्क्रीन वेगळ्या पद्धतीने चालायचा, त्याचा वेग बदलायचा आणि लहरींचा सूर बदलायचा, तो काही मीटरवरून साध्या रिसीव्हरवर ऐकू यायचा. म्हणजे आतला माणूस त्या पक्षाचं बटण दाबतोय हे बाहेर उभ्या माणसाला कानाने कळत होतं, एका अक्षरावरच्या मात्रेमुळे. दुसऱ्या एका कंपनीच्या यंत्रांची मान्यता याच लहरींच्या कारणाने काढली गेली आणि २००८ पर्यंत तो देश कागद-पेन्सिलवर परत आला. ब्राझीलमध्ये २०१२ च्या जाहीर चाचणीत ब्राझिलिया विद्यापीठाच्या टीमने दाखवलं की यंत्र मतांची उलटापालट करून साठवतं खरं, पण ती उलटापालट ज्या आकड्यावरून सुरू होते तो आकडा म्हणजे नुसती घड्याळातली वेळ आहे, आणि तीच वेळ मतदान सुरू होण्याआधी शून्य मतं दाखवणाऱ्या कागदावर छापून येते, जो कागद सगळ्यांना बघायला मिळतो. त्यावरून मतं पडली त्या क्रमाने पुन्हा लावता आली. रांगेत कोण कितव्या नंबरला होतं हे तर कुणीही बघून लिहून ठेवू शकतं. नंतर ते दुरुस्त केलं गेलं, पण तोवर तशाच यंत्रांवर निवडणुका होऊन गेल्या होत्या.

गुप्तता म्हणजे फक्त कुणाला मत दिलं एवढंच नव्हे, कुणालाच दिलं नाही हेही त्यात येतं. भारतात नियम ४९-ओ होता. कुणीच उमेदवार नको असेल तर केंद्राध्यक्षाला तसं सांगायचं, तो १७अ रजिस्टरमध्ये शेरा लिहिणार, मतदाराने तिथे सही किंवा अंगठा द्यायचा. एजंट शेजारी बसलेले, सगळ्यांना कळलं. २७ सप्टेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टाने हे गुप्ततेच्या विरुद्ध आहे म्हणून नोटाचं बटण द्यायला सांगितलं. नोटाने काय फरक पडतो यावर लोक अजून भांडतात, मला त्या निकालातली ही बाजू जास्त मोलाची वाटते की नकार देणाऱ्यालाही पडद्यामागे जागा मिळाली.

घरून मत द्यायचा विषय सगळ्यात अवघड, कारण त्यात खरी गरज आहे. आजारी माणसं, म्हातारी माणसं, दूर नोकरीला असलेले, यांना नाही म्हणणं बरोबर नाही. पण घरातल्या टेबलावर पडदा नसतो आणि शेजारी कोण उभं आहे हे बघायला अधिकारी नसतो. घरातला कर्ता पुरुष सगळ्यांच्या मतपत्रिका एकट्याने भरत असेल तर कळणार कुणाला? ब्रिटनमध्ये टपाली मतदान मागेल त्याला मिळू लागल्यावर २००४ च्या बर्मिंगहॅमच्या स्थानिक निवडणुकीत टपाली मतांचा एवढा मोठा घोटाळा निघाला की कोर्टाने दोन वॉर्डांतली निवडणूक रद्द केली. तिथे केंद्रातसुद्धा नवरा-बायको एकत्र आत जाण्याचे प्रकार होत राहिले आणि २०२३ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. एस्टोनियाने २००५ पासून इंटरनेटवर मतदान ठेवलंय, २०२३ मध्ये निम्म्याहून जास्त मतं तशी पडली. त्यांनी एक चांगली तरतूद केली आहे, मत पुन्हा पुन्हा देता येतं आणि शेवटचंच मोजतात, शिवाय केंद्रात जाऊन कागदावर दिलं तर इंटरनेटवरचं रद्द. म्हणजे कुणी समोर बसून मत द्यायला लावलं तरी त्याला नक्की काहीच कळत नाही. हा मला पटलेला एकमेव बऱ्यापैकी उपाय आहे. पण जो चोवीस तास त्याच घरात, त्याच माणसाच्या नजरेखाली आहे, ज्याचा फोनही त्याच्या हातात नाही, त्याला दुसऱ्यांदा मत द्यायला वेळ कुठून मिळणार? म्हणून घरून मतदान हे ज्याला खरंच येता येत नाही त्याच्यापुरतं, अधिकारी सोबत असताना ठेवावं. नुसता टक्का वाढवायला म्हणून ते सगळ्यांना खुलं करू नये.

याच कारणाने मतदाराच्या हातात पावती देण्याची मागणी मला धोक्याची वाटते. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद काचेमागे दिसते आणि आत पडते. ती मोजा, जास्त मोजा, हवं तर सगळ्या मोजा, ते मला मान्य आहे. पण ती घरी न्यायला देऊ नका. ज्या दिवशी ती खिशात आली त्या दिवशी संध्याकाळी कुणीतरी दारात उभं राहून ती मागणार. मतदानाच्या खोलीत मोबाइल नको म्हणतात तेही यासाठीच, फोटो म्हणजे पावतीच की. आपला फोटो टाकणाऱ्याला वाटतं मी अभिमानाने टाकतोय, पण सगळे टाकायला लागले की न टाकणारा उघडा पडतो.

इथे एक खरा पेच आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. गुप्तता जेवढी कडक तेवढा घोटाळा शोधणं अवघड. ब्रिटनमध्ये मतपत्रिकेवर नंबर असतो आणि कुठला नंबर कुणाला दिला याची यादी वेगळी सीलबंद ठेवतात, कोर्टाने सांगितलं तरच उघडायची, एका वर्षाने नष्ट करायची. खोटं मत शोधून वजा करता यावं म्हणून. भारतातही १९८० मध्ये गिल विरुद्ध तोहरा खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की गुप्तता आणि निवडणुकीची शुद्धता यात टक्कर झाली तर शुद्धता वर, आणि मतदाराला स्वेच्छेने आपलं मत सांगता येतं. घोटाळा सापडावा असं मलाही वाटतं. पण त्यासाठी मतापासून माणसापर्यंत जाणारी वाट शिल्लक ठेवायची हे मला पटत नाही. ती वाट आज चांगल्या कोर्टाच्या हातात आहे, उद्या कुणाच्या हातात असेल याची हमी कोण देणार? खोटी मतं केंद्राच्या दारातच अडवा, यादी नीट करा, शाई लावा, ओळख तपासा, आणि तरी एखाद्या केंद्रावर मोठा गोंधळ झालाच तर तिथे फेरमतदान घ्या. "स्वेच्छेने" या अटीवरही माझा भरवसा बसत नाही, कारण दबावाखाली सांगणारा माणूस दबावाखाली "मी स्वेच्छेने सांगतोय" असंही सांगेल.

आणि मग मोजणीचा प्रश्न, ज्यात एकट्या माणसाचं नव्हे तर अख्ख्या वस्तीचं मत उघडं पडतं. कागदी मतपत्रिकांच्या काळात जिथे दबावाची भीती असेल तिथे वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजायचे. ईव्हीएम आलं आणि प्रत्येक मशीन वेगळं मोजलं जाऊ लागलं, आता फॉर्म २० या निकालपत्रकात बूथवार आकडे सगळ्यांसाठी खुले असतात. हजारभर मतदारांच्या बूथवर "आम्हाला" चाळीस मतं पडली हे निवडून आलेल्या माणसाला बसल्या जागी कळतं, मग त्या वस्तीचा रस्ता, नळ, टाकी याचं काय होणार हे वस्तीला माहीत असतं, आणि पुढच्या वेळी धमकीही नीट मापून देता येते. बूथ लहान असेल तर विचारूच नका. गीरच्या जंगलात बाणेजला आणि अरुणाचलात मालोगामला एकेका मतदारासाठी केंद्र उभारलं जातं, त्याचं कौतुक व्हायलाच हवं, पण अशा केंद्राचं मशीन वेगळं मोजून जाहीर केलं तर त्या माणसाचं मत गुप्त राहील कसं? २०२४ मध्ये टेक्सासमध्ये एका पक्षाच्या माजी प्रदेशाध्यक्षाची मतपत्रिका एका वेबसाइटने शोधून छापली, नुसत्या सार्वजनिक कागदपत्रांची सांगड घालून, कारण केंद्र आणि भाग जुळवत गेलं की शेवटी हातात मोजकीच मतपत्रिका उरते. नंतर तिथे घाईघाईने माहिती झाकायच्या सूचना निघाल्या.

भारतात यावर उपाय तयार आहे. टोटलायझर नावाचं यंत्र चौदा बूथांची मतं एकत्र मोजून फक्त बेरीज दाखवतं. निवडणूक आयोगाने ते २००८ मध्ये मागितलं, कायदा आयोगाने मार्च २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली, आणि सरकारी बाजूचं म्हणणं असं पडलं की बूथवार आकड्यांमुळे आपण कुठे कमी पडलो ते पक्षांना कळतं आणि तिथे जास्त काम करता येतं. काम करायचंच असेल तर चौदा बूथांच्या बेरजेवरूनही कुठल्या भागात कमी पडलो ते कळतं. फक्त कुठल्या गल्लीने मत दिलं नाही एवढंच कळणार नाही, आणि त्या गल्लीत राहणाऱ्यासाठी मी हे मागतोय. निवडणूक संचालन नियमांत दुरुस्ती करायची, मशीन एकत्र मोजायची आणि एक-दोन मतदारांच्या केंद्राची मतं शेजारच्या केंद्रांत मिसळायची, एवढंच काम २००८ पासून पडून आहे.